‘अशी माहिती ठेवली जात नाही’ : संसदेतल्या उत्तरांचं पुढे काय होतं?

गवतफूल (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस हा विषय मनात घोळतो आहे, म्हणून धागा काढते.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो आपण सगळ्यांनीच पाहिला. चार महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, लोकसभेचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असा लेखी प्रश्न आला होता. श्रम मंत्रालयाने उत्तर दिलं की अशी माहिती ठेवली जात नाही. मृतांच्या कुटुंबांना काही मदत दिली का, हा पुढचा भाग. त्यावर उत्तर : प्रश्न उद्भवत नाही.

त्याच आठवड्यात रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की श्रमिक विशेष गाड्यांमध्ये ९७ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे रेल्वेकडे निदान गाडीत गेलेल्यांची मोजदाद होती. रस्त्याने चालत गेलेल्यांची कोणाकडेच नव्हती, आणि नाही म्हणून सांगताना कोणालाही उभं राहून उलटप्रश्न ऐकावा लागला नाही, कारण त्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. फक्त लेखी उत्तरं चालू होती.

मला कुठल्याही एका पक्षावर धागा नको आहे. जाणून घ्यायचंय ते इतकंच : मंत्र्याने दिलेलं उत्तर अपुरं असेल, किंवा चक्क चुकीचं असेल, तर खासदाराच्या हातात काय असतं? आणि आपल्या हातात काय असतं? इथे सरकारी नोकरीत राहिलेले, वकिली करणारे, चळवळीतले बरेच सभासद आहेत. कृपया लिहा.

लाल_डबा

विषय महत्त्वाचा आहे. वाचतोय.

आमच्या घरी हे वाक्य पाठ झालंय. परवा आईने विचारलं डब्यातले लाडू कोणी संपवले, तर धाकटा म्हणतो, ‘लाडवांची माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’.

सह्यकडा

थोडा वेगळा सूर लावतो. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. राज्यसभेत १५ आणि १६०. म्हणजे अधिवेशनाच्या प्रत्येक कामकाजाच्या दिवशी दोन्ही सभागृहं मिळून चारशेवर उत्तरं. किमान पंधरा दिवसांची सूचना असते, त्यात प्रश्न मंजूर होऊन खात्याकडे यायला काही दिवस जातात. उरलेल्या वेळात देशभरातून आकडे जमवायचे. आरोग्य, पोलीस, जमीन हे राज्यांचे विषय. केंद्राने राज्यांकडे मागावं आणि राज्यांनी पाठवावं. राज्याने पाठवलंच नाही तर मंत्री कुठून आणणार?

शिवाय निम्मे प्रश्न असे असतात की खात्याच्या वार्षिक अहवालात उत्तर आधीच छापलेलं असतं. आणि ज्या तारांकित प्रश्नावर तोंडी पूरक प्रश्न विचारता येतात, त्या तासाला गोंधळ घालून कामकाज बंद कोण पाडतं? सत्तेत कोणीही असो, विरोधी बाकावरचेच. २० पैकी पाच-सहा प्रश्न तोंडी झाले तर चांगला दिवस म्हणायचा.

गवतफूल

@सह्यकडा, गोंधळाबद्दल पूर्ण सहमत. तो तास वाया घालवणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे.

पण राज्यांनी पाठवलं नाही, हे कारण असेल तर उत्तरात तसं लिहावं ना. ‘अमुक राज्यांना अमुक तारखेला पत्र पाठवलं, इतक्या राज्यांनी उत्तर दिलं, इतक्यांनी दिलं नाही.’ तेवढं लिहिलं तरी पुढचा माणूस योग्य दार ठोठावू शकतो.

जुना_टिपणीकार

मी राज्य सरकारच्या एका खात्यातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. विधिमंडळाच्या प्रश्नांची टेबलावरची बाजू थोडी सांगतो, संसदेतही फार वेगळं नसावं.

आपल्याकडे प्रश्नाचा साचा ठरलेला. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ अधिवेशन लागलं की संध्याकाळी सहाला जिल्ह्याला निरोप जायचा, उद्या सकाळी दहापर्यंत माहिती हवी. जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून ग्रामसेवकाला. ग्रामसेवक बिचारा आठवड्याच्या बाजारात. मग तालुक्यातला बाबू ‘निरंक’, म्हणजे काही नाही, असं लिहून कळवायचा. दहा तालुक्यांचे दहा निरंक जिल्ह्यात एकत्र व्हायचे, जिल्ह्यांचे निरंक आमच्या टेबलावर, आणि सभागृहात उत्तर जायचं : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ यात कोणी ठरवून खोटं बोललेलं नसे. पण ‘मोजलं नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांतला फरक तीन टेबलांच्या प्रवासात पुसला जायचा.

चांगले अधिकारीही होते. आमचे एक उपसचिव निरंक आलेला तक्ता परत पाठवायचे आणि कुठल्या नोंदवहीवरून निरंक लिहिलं त्या वहीचं पान मागायचे. त्यांच्या काळात ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर आमच्या खात्यातून जास्त जायला लागलं. मंत्री रागवायचे, पण पूरक प्रश्नांसाठीची टिपणी भक्कम असायची आणि सभागृहात ते कधी उघडे पडले नाहीत.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नातली एक खाच सांगतो, ती बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असं उत्तर दिलं की ते आश्वासन धरलं जातं. ‘बाब विचाराधीन आहे’ हेही आश्वासन. संसदेत मग संसदीय कार्य मंत्रालय ते नोंदवून घेतं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे. लोकसभेची पहिली समिती १ डिसेंबर १९५३ ला नेमली गेली, दादासाहेब मावळंकर लोकसभेचे अध्यक्ष असताना. पंधरा सदस्य, आणि मंत्र्याला तिच्यावर घेत नाहीत. ती सचिवांना बोलावून विचारू शकते.

पण ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ हे आश्वासन होत नाही. तिथे फाईल बंद. टेबलावर बसलेल्या माणसाला हा फरक पक्का ठाऊक असतो. एका उत्तराने तीन महिन्यांचं काम मागे लागतं, दुसऱ्याने काहीच लागत नाही. १४ सप्टेंबरच्या उत्तरात मला जास्त खटकलं ते हे.

गवतफूल

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद, काका. या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

काळी_माती

आमच्या भागातलं उदाहरण देतो. मी यवतमाळचा.

शेतकरी आत्महत्यांची देशपातळीवरची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांच्या अहवालात येते. २०१५ चा अहवाल आला आणि पुढचा निघेचना. २०१६ चा अहवाल बाहेर पडला २०१९ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात संसदेत कोणी विचारलं की कृषिमंत्री सांगायचे, २०१५ पर्यंतचे आकडे आहेत, पुढचे प्रकाशित झालेले नाहीत. उत्तर खरं होतं भाऊ. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण आकडे थांबले कोणामुळे? सरकारच्याच विभागामुळे. माहिती बाहेर काढायची नाही आणि मग ती बाहेर नाही म्हणून सांगायचं, याला जबाबदार कोण धरायचा?

इकडे आमच्या विभागीय आयुक्त कार्यालयात जिल्हावार, महिनावार आकडे होते. पात्र प्रकरणं किती, अपात्र किती, मदत दिलेली किती. म्हणजे खाली वही आहे, वर ‘उपलब्ध नाही’. सह्यकडा साहेबांनी याचं उत्तर द्यावं.

सह्यकडा

@काळी_माती, या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. तीन वर्षांचा उशीर कुठल्याच कारणाने पटत नाही.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये एका नगरपालिकेत काम करते, इथली पद्धत सांगते. इथे खासदार लेखी प्रश्न देताना उत्तराची तारीख सांगू शकतो. माहिती जमवायला ८५० पौंडांपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर खातं नकार देऊ शकतं, पण कारण तेच आहे हे लिहून. कुठलं खातं किती उत्तरं वेळेत देतं, याचा हिशेब कॉमन्सची, म्हणजे इथल्या लोकसभेची, कार्यपद्धती समिती ठेवते आणि छापते. उशीर करणाऱ्या खात्यांच्या मंत्र्यांना समितीसमोर बोलावून विचारलं जातं.

दुसरं म्हणजे मंत्र्यांच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की जाणूनबुजून संसदेची दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने राजीनामा देणं अपेक्षित आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी पद सोडलं. स्थलांतरितांना देशाबाहेर काढण्याची उद्दिष्टं ठरलेली आहेत का, या प्रश्नावर त्यांनी संसदीय समितीला चुकीचं सांगितलं होतं. अनवधानाने झालं असं त्यांचं म्हणणं होतं, तरी गेल्या. टाळेबंदीतल्या पार्ट्यांवरून बोरिस जॉन्सन यांचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पळवाटा काढणारी उत्तरं इथेही रोज निघतात. पण चुकीचं उत्तर दिलं तर काही होऊ शकतं, ही भीती खात्यात जाणवते.

लाल_डबा

ऑक्सिजनचं कोणी काढलं नाही अजून. २० जुलै २०२१, राज्यसभा. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी किती मृत्यू झाले? उत्तर : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी किंवा केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. हे लेखी उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री डॉ. भारती पवार तेव्हा दिंडोरीच्या खासदार, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्याच. आणि २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात काय झालं होतं ते आपण विसरलो का?

गोदाकाठ

मी नाशिकची. त्या दिवशी आमच्या ओळखीतलं एक माणूस त्या रुग्णालयात होतं, त्यामुळे नीट लिहिते.

झाकीर हुसेनमध्ये टाकीतून गळती झाली आणि पुरवठा खाली आला. त्या एका दिवसात २२ रुग्ण गेले. तो अपघात होता, शहरात ऑक्सिजन संपल्यामुळे झालेले मृत्यू नव्हते. म्हणून ‘अभावी’ या रकान्यात ते बसत नाहीत, असं कोणी म्हणेल. मला विचाराल तर ज्याला श्वास घेता आला नाही त्याच्या घरच्यांना हा रकाना कळत नाही. पण राज्यसभेतल्या उत्तरावर बोलताना आपणही नेमकं बोललं पाहिजे, नाहीतर आपलंच म्हणणं कच्चं पडतं.

आणि हेही लिहायला हवं की महाराष्ट्रानेही असे मृत्यू केंद्राला कळवले नव्हते. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीच तसं सांगितलं. राज्यात एक सरकार, केंद्रात दुसरं, आणि दोन्हींच्या कागदावर तोच रकाना रिकामा. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं कारण येतं, सिलिंडर मिळाला नाही हे कारण येत नाही. राज्यांना नेमकं काय मोजायला सांगितलं होतं, असा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

सह्यकडा

@गोदाकाठ, हे फार समतोल लिहिलंत. मला हेच म्हणायचं होतं, मला इतकं नीट मांडता आलं नसतं.

अशिलाची_बाजू

उशिरा येतोय. धागाकर्तीच्या प्रश्नाचं कायद्याच्या बाजूने उत्तर देतो.

खासदाराच्या हातात काय? पूरक प्रश्न, पण फक्त तारांकितावर. अर्धा तास चर्चा, लोकसभेच्या नियम ५५ खाली, नुकत्याच झालेल्या प्रश्नातून वस्तुस्थितीचा खुलासा हवा असेल तर. तिसरं फारसं कोणी वापरत नाही ते म्हणजे अध्यक्षांचा निर्देश ११५. मंत्र्याने सभागृहात दिलेली माहिती चुकीची आहे असं सदस्याला वाटलं तर तो पुराव्यासह अध्यक्षांना लिहू शकतो. अध्यक्षांनी परवानगी दिली तर सदस्य निवेदन करतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. मंत्री स्वतःही उत्तर दुरुस्त करणारं निवेदन पटलावर ठेवू शकतात, आणि तशी निवेदनं प्रत्येक अधिवेशनात येतात. चौथा मार्ग हक्कभंगाचा. तिथे दिशाभूल हेतुपुरस्सर होती हे दाखवावं लागतं, म्हणून तो बहुतेक वेळा तिथेच अडतो.

आता एक प्रकरण, ते मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटतं. निवडणूक रोख्यांबद्दल निवडणूक आयोगाने काही चिंता व्यक्त केली होती का, असा प्रश्न २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत आला. अर्थ राज्यमंत्र्यांचं उत्तर होतं की आयोगाकडून अशी कोणतीही चिंता सरकारकडे आलेली नाही. प्रत्यक्षात आयोगाने २६ मे २०१७ ला कायदा मंत्रालयाला पत्र लिहून पक्षांच्या देणग्यांच्या पारदर्शकतेवर याचा गंभीर परिणाम होईल असं कळवलं होतं. पुढे मार्च २०१९ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात त्या पत्राचा उल्लेख आला. माहिती अधिकारात कागदपत्रंही बाहेर आली. १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने ती योजनाच घटनाबाह्य ठरवली. म्हणजे राज्यसभेच्या एका सदस्याला एका ओळीत जे सांगायला हवं होतं, ते लोकांना माहिती अधिकार आणि सर्वोच्च न्यायालय अशी वाट तुडवून कळलं.

इथे ‘माहिती ठेवली जात नाही’ हे कारण नव्हतं. पत्र सरकारच्याच एका मंत्रालयात पोहोचलेलं होतं.

नागरिकाच्या हातात काय, तर माहिती अधिकार. मूळ कायद्याच्या कलम ८(१)(ञ) च्या शेवटी एक सुंदर तरतूद होती : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. सामान्य माणसाला आमदार-खासदाराच्या बरोबरीला बसवणारं हे वाक्य. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने तो खंडच बदलला, आणि बदललेल्या मजकुरात हे वाक्य नाही. अण्णांच्या उपोषणांनी ज्या राज्यात केंद्राच्याही आधी, २००२ साली, माहिती अधिकाराचा कायदा आला, तिथे यावर रस्त्यावर आंदोलन व्हायला हवं होतं.

नीलमोहर

वाचनखूण साठवली.

तळकोकण

अवांतर होईल, पण लिहितो. आमचा जुना राजापूर मतदारसंघ. आधी बॅ. नाथ पै, मग प्रा. मधू दंडवते. लोकसभेत कोणी प्रश्न विचारतो म्हणजे काय करतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीने या दोघांकडून शिकलं. आजोबा कणकवलीच्या वाचनालयात जाऊन कामकाजाच्या बातम्या वाचायचे आणि ‘आज आपला माणूस बोलला’ म्हणून घरी येऊन सांगायचे.

प्रश्नाने सरकार हलतं याचं मोठं उदाहरण १९५७ चं. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास गुंतवले. प्रश्न विचारले गेले, सरळ उत्तर मिळेना. मग फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने, पंतप्रधानांच्या जावयाने, १६ डिसेंबरला लोकसभेत ते सगळं बाहेर काढलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली, लोक ऐकायला गर्दी करायचे. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. सगळं मिळून दोन-तीन महिन्यांत.

मधमाशी

@तळकोकण, दुसरी बाजूही लिहू या. प्रश्न विकलेही गेले आहेत. १९५१ साली हंगामी संसदेचे सदस्य मुदगल यांनी मुंबईच्या सराफा संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं समितीने ठरवलं. हकालपट्टी व्हायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. २००५ च्या डिसेंबरात ११ खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि २३ तारखेला दोन्ही सभागृहांनी त्यांना काढलं. त्यात आपल्या खानदेशातले दोन मतदारसंघ होते, जळगाव आणि एरंडोल.

मंत्र्याकडून खरं उत्तर मागायचं तर प्रश्नही स्वच्छ हवा.

तळकोकण

मान्य. आणि दोन्ही वेळी सभागृहाने आपल्याच सदस्यांवर झटपट कारवाई केली, हेही खरं. चुकीच्या उत्तरावर तशी तत्परता दिसावी एवढंच म्हणणं.

हिरवा_चाफा

हे सगळे पक्ष सारखेच. आत्ता जे ओरडतायत त्यांच्या राज्यात काय होत होतं ते

*(प्रतिसादाचा पुढील भाग संपादित. कृपया पक्षांच्या तुलनेसाठी वेगळा धागा काढावा. – व्यवस्थापन)*

सफाई_साथी

मी एका शहरात सफाई कामगारांच्या संघटनेत काम करतो. आमच्या विषयावर संसदेत आलेली दोन उत्तरं शेजारी ठेवतो.

फेब्रुवारी २०२१, लोकसभा : गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना गेल्या पाच वर्षांत ३४० मृत्यू. जुलै २०२१, राज्यसभा : हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. खातं एकच, सामाजिक न्याय. राज्यमंत्री आपले रामदास आठवले.

दोन्ही उत्तरं कागदावर बरोबर ठरतात, कारण २०१३ च्या कायद्यात ‘हाताने मैला साफ करणारा’ याची व्याख्या वेगळी आहे आणि गटारात उतरणं ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या व्याख्येत आहे. राज्यसभेतल्या प्रश्नात पहिले शब्द होते, म्हणून उत्तर पहिल्या व्याख्येचं आलं. दुसऱ्या दिवशी मथळा काय, तर देशात एकही मृत्यू नाही. मॅनहोलमध्ये नवरा गेलेल्या बाईने तो मथळा मला मोबाईलवर दाखवला आणि विचारलं, मग माझा माणूस कशाने गेला? तिला व्याख्या समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

भरपाईचा प्रश्न याच आकड्यांशी बांधलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ मार्च २०१४ च्या निकालाने दहा लाख, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख. नोंद झाली तर वारसाला पैसे. नोंद ठेकेदाराने दाबली तर काही नाही. म्हणून आम्हाला त्या उत्तरातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे.

जुना_टिपणीकार

@सफाई_साथी, वाचून वाईट वाटलं. तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. टेबलावरचा माणूस विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो, आणि प्रश्न सैल असेल तर सर्वांत अरुंद अर्थ घेतो. शिकवलेलंच असतं तसं. म्हणून प्रश्न लिहिताना उत्तर देणाऱ्याच्या जागी बसून लिहावा.

अशिलाची_बाजू

मग लिहूच या का? इथेच. खासदाराच्या कार्यालयात तयार मसुदा नेऊन दिला तर बरेच जण घेतात, असा माझा अनुभव आहे. १५० शब्दांची मर्यादा, न्यायप्रविष्ट बाब नको, आरोप नको, मत विचारायचं नाही.

गवतफूल

हो! मी पहिला मसुदा टाकते. विषय सफाई_साथींचा घेऊ, कारण त्यांच्याकडे पडताळायला प्रत्यक्ष प्रकरणं आहेत.

सामाजिक न्याय मंत्री पुढील बाबी सांगण्याची कृपा करतील काय :
(क) १ जानेवारी २०२१ पासून गटार, मॅनहोल किंवा सेप्टिक टँक साफ करताना मृत्यू पावलेल्या व्यक्तींची वर्षनिहाय व राज्यनिहाय संख्या;
(ख) त्यांपैकी किती जणांच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाच्या २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालानुसार ३० लाख रुपये मिळाले;
(ग) किती प्रकरणांत ठेकेदार किंवा मालकावर गुन्हा दाखल झाला;
(घ) सरकार यावर काय करणार आहे?

जुना_टिपणीकार

(क) उत्तम, व्याख्येत अडकत नाही. ‘मृत्यूचं नोंदलेलं कारण काहीही असो’ हे शब्द घाला.

(ख) मध्ये गोंधळ आहे. निकालाच्या आधीच्या मृत्यूंना दहा लाख लागू धरलेत की तीस, यावर उत्तर घसरेल. ‘किती वारसांना दहा लाख, किती वारसांना तीस लाख, किती वारसांना काहीच नाही’ असं तीन रकान्यांत मागा.

(घ) काढून टाका. तिथे योजनांची दोन पानं चिकटवतील आणि वरचं सगळं त्यात बुडेल. त्याऐवजी : ‘(घ) (क) ते (ग) ची माहिती कोणत्या राज्यांनी दिली, कोणत्या राज्यांनी दिली नाही, आणि (ङ) अशी माहिती नियमितपणे ठेवली जात नसल्यास, ती ठेवण्याबाबत निर्णय केव्हापर्यंत घेतला जाईल?’

(ङ) ला ‘विचाराधीन आहे’ म्हणाले तरी ते आश्वासनात मोडतं. समितीकडे जाईल.

सह्यकडा

(घ) मधली राज्यांची यादी फार चांगली. राज्यांनी दिलं नाही म्हणायचं असेल तर नावं येतील. मसुद्याचं हिंदी आणि इंग्रजी भाषांतर मी करतो, नोटीस त्या भाषांत द्यावी लागेल.

काळी_माती

हा झाला की आत्महत्यांवर असाच एक करू. विभागीय आयुक्तालयाच्या तक्त्याचे रकाने मी उतरवून ठेवतो, म्हणजे वही नाही असं म्हणता येणार नाही.

सफाई_साथी

आमच्याकडे २०२१ नंतरच्या प्रकरणांची तारीख, ठिकाण, प्राथमिक माहिती अहवाल झाला की नाही आणि भरपाई मिळाली की नाही, अशी यादी आहे. नावं इथे टाकणार नाही, कुटुंबांना विचारलेलं नाही. उत्तर आलं की महाराष्ट्राचा आकडा त्या यादीशी ताडून बघतो. फरक निघाला तर अशिलाची_बाजू यांनी सांगितलेल्या निर्देश ११५ साठी लागणारा पुरावा तोच.

अशिलाची_बाजू

यादीसोबत प्रत्येक प्रकरणाचा एक तरी सरकारी कागद जोडून ठेवा. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, पालिकेचं पत्र, काहीही. वर्तमानपत्राचं कात्रण एकटं पुरणार नाही.

गवतफूल

सुधारलेला मसुदा तयार करते आहे. सह्यकडा, भाषांतर त्याचंच करा. सूचनेची मुदत पंधरा दिवसांची आहे, त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की दोन दिवसांत तो कार्यालयात पोहोचला पाहिजे. एकच खासदार न धरता दोन वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांना देऊ. प्रश्न सोडतीने लागतात, त्यात एकाचा गेला तरी दुसऱ्याचा लागू शकेल.

(ग) मध्ये अजून शंका आहे. ‘गुन्हा दाखल झाला’ एवढंच विचारलं तर दोषारोपपत्र आणि शिक्षा सुटतात. तिन्ही विचारले तर शब्द वाढतात. काका, काय करू?

जुना_टिपणीकार

‘गुन्हा, दोषारोपपत्र व शिक्षा यांची संख्या’ लिहा. आठ शब्दसुद्धा होत नाहीत.